सोलापूर जिल्ह्यातल्या मुलांचा इतिहास (१८८० ते १९६०): कोणती दप्तरं, कुठे मिळतील, कशी वाचायची?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. सोलापूर जिल्ह्यातल्या मुलामुलींचं १८८० ते १९६० या काळातलं आयुष्य मूळ कागदांवरून मांडायचं काम आम्ही सातआठ शिक्षक मिळून हाती घेतोय. शाळा तर ओघाने येईलच, पण गिरणीत जाणारी मुलं, दुष्काळात पोरकी झालेली मुलं, लग्न होऊन शाळा सुटलेल्या मुली, सेटलमेंटमधली (म्हणजे ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींच्या सरकारी वसाहतीतली) मुलं, १९३० आणि ४२ च्या चळवळीतली पोरं हे सगळं हवंय. पोवाडे आणि आठवणी बाजूला ठेवून आधी दप्तर, म्हणजे जुनी कागदपत्रं, बघायचं असं ठरलंय.

अडचणी अशा आहेत:

१. जुन्या शाळांची जनरल रजिस्टरं (दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद असलेल्या वह्या) बघायला मिळतायत. त्यातल्या नोंदींवर, विशेषतः जन्मतारखांवर, किती भरवसा ठेवायचा?
२. मुंबईच्या पुराभिलेखात (जुन्या सरकारी कागदांच्या संग्रहात) नेमक्या कोणत्या खात्याच्या बांधण्या, म्हणजे एकत्र बांधलेले कागद, मागवायच्या? यादीत ‘मुलं’ असा विषयच सापडत नाही.
३. आमच्या यादीतली काही गावं पूर्वी निजामाच्या हद्दीत होती. तिथली रजिस्टरं उर्दूत आहेत आणि तारखा काही केल्या जुळत नाहीत.
४. काही रजिस्टरांची पानं हात लावला की तुटतात. फोटो कसे काढावेत?
५. मुलांची नावं छापावीत का?

---

जुनंदप्तर

मुंबईला नंतर जा, आधी शाळांतलं काम उरका. मुंबईचे कागद जागेवर राहतील. शाळेची इमारत पाडली की रजिस्टर कुठे जातं ते कुणालाच सांगता येत नाही.

शाळेत गेल्यावर तीन वह्या वेगवेगळ्या मागा. जनरल रजिस्टर कायम जपायचं असतं, म्हणून ते बहुधा मिळतं. हजेरीपत्रकं थोड्या वर्षांनी नष्ट करायची परवानगी असते, त्यामुळे जुनी मिळाली तर नशीब समजा. तिसरं शेरेबुक. हे कुणी मागत नाही म्हणून कपाटाच्या तळाशी पडून असतं. दिपोटी (शाळा तपासणारे डेप्युटी इन्स्पेक्टर) तपासणीला आले की पट किती, हजर किती, कोणत्या इयत्तेचं गणित कच्चं, मुलींची संख्या का घटली, अस्पृश्य मुलांना कुठे बसवलं होतं, सगळं त्यात लिहीत. जनरल रजिस्टरात मूल शाळेत ‘आहे’ एवढंच कळतं. वर्गात त्याचं काय चाललं होतं ते शेरेबुकात सापडतं.

शाळेत नसेल तर पुढचा शोध कुठे घ्यायचा हे शाळा कुणाच्या ताब्यात होती त्यावरून ठरवा. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यानंतर खेड्यांतल्या शाळा जिल्हा लोकल बोर्डाच्या स्कूल बोर्डाकडे आल्या, शहरातल्या नगरपालिकेकडे. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या तेव्हा बोर्डाचं दप्तर त्यांच्याकडे गेलं. म्हणून जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाची रेकॉर्ड रूम आणि पंचायत समितीचं गटशिक्षण कार्यालय, दोन्हीकडे लेखी अर्ज द्या. मुलींची शाळा वेगळी असेल तर तिचं रजिस्टरही वेगळं असतं. दोन्ही शाळा पुढे एकत्र झाल्या असतील तर कन्याशाळेचं जुनं रजिस्टर हमखास ‘बंद शाळेचं दप्तर’ म्हणून बाजूला टाकलेलं असतं. ते नाव घेऊन मागा.

आता वाचायचं कसं. नेहमी दिसते तशी एक ओळ नमुन्यादाखल घेतो (नाव मुद्दाम मोघम ठेवलंय):

*‘अ. नं. २१७ / रामा बिन सखा / जात … / जन्म १ जून १९१२ / प्रवेश ता. ३ जुलै १९१८, बिगरी / नाव कमी ता. ३० नोव्हेंबर १९१८ / कारण: गैरहजर’*

या एका ओळीत चार गोष्टी आहेत.

‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा. आडनाव नाही. १९२० च्या आधीच्या नोंदींत पुष्कळदा आडनाव नसतंच, त्यामुळे आडनावावरून शोधायला गेलात तर निम्मी मुलं निसटतील. मुलाचं नाव, बापाचं नाव, गाव आणि प्रवेशाचं वर्ष ही जोडी धरा.

१ जून. ही तारीख पानापानावर दिसेल. जूनमध्ये शाळा सुरू होते. मूल साधारण सहा वर्षांचं दिसतंय, बापाला तारीख माहीत नाही, मग मास्तर १ जून लिहून मोकळे. म्हणजे ही जन्मतारीख मुळात ‘प्रवेशाच्या वेळी मास्तरांना वाटलेलं वय’ आहे. वर्षही एखाददुसऱ्याने इकडेतिकडे असतं.

बिगरी म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग. आकडेवारी काढताना बिगरी आणि पहिली एकत्र करू नका. बिगरीत नाव घालून पुढे न सरकलेली मुलं फार असतात आणि खरी गळती तिथेच दिसते.

आणि नोव्हेंबर १९१८. इन्फ्लुएन्झाच्या साथीचा कहर आपल्याकडे सप्टेंबर ते नोव्हेंबरात झाला. रजिस्टरात कारण ‘गैरहजर’ एवढंच आहे. मूल गेलं, आईबाप गेले, का कुटुंब गाव सोडून गेलं, हे या वहीतून कळणार नाही. त्यासाठी गावचा जन्ममृत्यू नमुना, म्हणजे गाव नमुना १४, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, ते शेजारी ठेवावं लागतं. ते तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये असतं. तिथे जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतंच, बापाचं नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच. आईचं नाव तर फारच क्वचित. म्हणून जुळवणी शंभर टक्के होईल ही अपेक्षा ठेवू नका. जेवढी होईल ती ‘खात्रीची’, ‘शक्य’ आणि ‘नाही’ अशा तीन खुणांनी वेगळी ठेवा.

‘शाळा सोडण्याचं कारण’ या रकान्यावर तुमच्या वेळेतला निम्मा वेळ घालवा. परगावी गेला, शेतकामास, घरी लहान भावंड सांभाळण्यास, मयत, लग्न झाले, सतत गैरहजर. प्रत्येक मास्तराची शब्दांची सवय वेगळी असते. एक मास्तर ‘शेतकामास’ लिहितो, त्याच्या जागी आलेला दुसरा त्याच कारणासाठी ‘गैरहजर’ लिहितो. अक्षर बदललं की वहीत खूण करा, नाहीतर मास्तरांच्या बदलीला तुम्ही गावातला बदल समजाल.

मुलींच्या रजिस्टरात १९२९ ची अखेर आणि १९३० चे पहिले तीन महिने जरूर बघा. शारदा कायदा १९२९ मध्ये झाला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. मुलीच्या लग्नाचं किमान वय १४, मुलाचं १८. मधल्या काळात देशभर घाईघाईने लग्नं उरकली गेली. तुमच्या शाळांत तसं दिसतं की नाही हे कुणीही आधी सांगू शकणार नाही, पण तपासायला तारखा हातात आहेत.

---

रुमालबस्ता

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण एक भर. मुंबईचं काम अगदी शेवटी ठेवू नका. शाळेचं रजिस्टर फक्त शाळेत आलेल्या मुलांबद्दल बोलतं. तुम्हाला हवी असलेली निम्मी मुलं शाळेच्या उंबऱ्यापर्यंतही आलेली नाहीत आणि ती सरकारी पत्रव्यवहारातच भेटतात.

पुराभिलेख म्हणजे काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं. ‘मुलं’ हा विषय यादीत नसणारच, कारण कागद खात्यांनुसार बांधलेत. मूल कोणत्या कारणाने सरकारच्या नजरेला आलं ते ओळखायचं आणि ते खातं मागवायचं.

शिक्षण: १८५५ मध्ये शिक्षण खातं निघालं, तिथून पुढे एज्युकेशनल डिपार्टमेंटच्या बांधण्या. त्याआधीचा शाळाविषयक पत्रव्यवहार जनरल डिपार्टमेंटमध्ये. त्याबरोबर शिक्षण संचालकांचे वार्षिक अहवाल. यात जिल्हावार शाळा, पट, मुली, जातीनिहाय तक्ते असतात. लक्षात ठेवा, बरीच वर्षं शाळांना अनुदान निकालावर ठरायचं. पास मुलांवर पैसे मिळत असतील तर परीक्षेच्या दिवशी हजर कोण आणि पटावर कोण, यात फरक पडणारच. आकडे कशासाठी गोळा झाले हे कळल्याशिवाय ते तक्त्यात उतरवू नका.

दुष्काळ: रेव्हेन्यू डिपार्टमेंटमध्ये ‘फॅमिन’ अशा वेगळ्या बांधण्या आहेत. १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे तीन दुष्काळ सोलापूरला फार जड गेले. दुष्काळी कामांवरच्या आकड्यांत मुलं वेगळी मोजलेली असतात, कामावरची आणि नुसती शिध्यावरची. पोरक्या मुलांना कुणाकडे सोपवलं याचा पत्रव्यवहारही तिथेच. त्यांतली काही मिशनकडे गेली. अमेरिकन मराठी मिशनचं काम सोलापुरात होतं. त्या मिशनच्या मूळ संस्थेचे कागद हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत.

गिरण्या: सोलापूरची जुनी गिरण १८७७ ची, त्यामुळे कारखाना कायद्यांचा सगळा प्रवास तुमच्या शहरात दिसायला हवा. १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना मनाई केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. १८९१ ला किमान वय नऊ झालं आणि नऊ ते चौदा वयाला सात तास. १९२२ ला बारा ते पंधरा, सहा तास. कारखाना निरीक्षकांचे वार्षिक अहवाल बघा. त्यात ‘मुलं’ म्हणून दिलेला आकडा वर्षावर्षाला घसरला की लगेच आनंद मानू नका. कायद्यातली ‘मूल’ या शब्दाची व्याख्याच बदललेली असते. काल मूल असलेलं पोर आज कागदावर प्रौढ. कामावर घेण्याआधी वयाचा दाखला लागायचा आणि जन्माची नोंद नसलेल्या मुलाचं वय डॉक्टर दात आणि उंची बघून अंदाजाने ठरवत. म्हणजे शाळेच्या १ जूनची ही गिरणीतली भावंडं.

सेटलमेंट: हा विषय तुमच्या जिल्ह्यात टाळून चालणारच नाही. सोलापुरात आजही त्या भागाला सेटलमेंटच म्हणतात. १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात सहा ते अठरा वयाच्या मुलांना आईबापांपासून वेगळं काढून औद्योगिक, शेती किंवा सुधारगृहाच्या शाळेत ठेवायची सरळ तरतूद होती. गुन्हा मुलाने केलेला असायची गरज नव्हती, जन्म पुरेसा होता. मुंबई इलाख्यातल्या वसाहतींच्या कारभाराचे छापील वार्षिक अहवाल आहेत. त्यात शाळा, अर्धवेळ काम, हजेरी यांची माहिती येते. हे अहवाल वाचताना भाषा फार गोड लागेल: ‘सुधारणा’, ‘शिस्त’, ‘प्रगती’. त्या भाषेवरून मुलांच्या मनाचा अंदाज बांधू नका. त्यात आईबापांनी मुलांसाठी केलेले अर्ज, पळून गेलेल्या मुलांची नोंद असलं काही दिसलं तर ते अक्षरन् अक्षर उतरवा. कायदा १९५२ ला देशभर रद्द झाला.

गुन्हे आणि सुधारगृहं: ज्युडिशियल डिपार्टमेंट. मुंबईचं डेव्हिड ससून सुधारगृह १८५७ चं, आणि पुढे १९२४ चा मुंबई मुलांचा कायदा. रिमांड होम हा शब्द आपल्या बोलण्यात त्याच कायद्यानंतर रुळला.

चळवळ: होम डिपार्टमेंट (स्पेशल). मे १९३० चा सोलापूरचा मार्शल लॉ आणि १९४२ यांच्या फायली तिथे. अटक यादीत वयाचा रकाना असतो. वीस वर्षांखालची नावं काढली की ‘तरुण’ म्हणजे नेमके किती वयाचे हे पहिल्यांदा नीट दिसेल.

मागणीपत्र भरताना खातं, वर्ष, बांधणीचा क्रमांक आणि आतल्या प्रकरणाचा क्रमांक चारही लिहा. दिवसभरात मोजक्याच बांधण्या मिळतात, म्हणून आधीचा पूर्ण दिवस नुसत्या सूच्या वाचण्यात घालवला तरी तो वाया जात नाही. सूचीत ‘चिल्ड्रन’ शोधू नका. ‘ऑर्फन’, ‘मायनर’, ‘ज्युव्हेनाइल’, ‘अ‍ॅप्रेंटिस’, ‘पेटिशन’, ‘स्कॉलरशिप’, ‘व्हॅक्सिनेशन’ हे शब्द शोधा. अल्पवयीन वतनदारांची प्रकरणं ‘मायनर’खाली येतात आणि त्यात मुलाच्या शिक्षणावर, कपड्यांवर किती खर्च झाला याचा हिशेबसुद्धा असतो.

दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर बरंच घरबसल्या बघता येतं. जिल्ह्याच्या आधी तिथे एक चक्कर मारा.

---

आजूर_ते_आबान

तिसऱ्या प्रश्नापुरतं.

हैदराबाद संस्थानातल्या तारखा फसली, म्हणजे महसुलासाठी वापरल्या जाणाऱ्या, सनाच्या असतात आणि महिने इराणी नावांचे: आजूर, दय, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, उर्दिबेहिश्त, खुरदाद, तीर, अमरदाद, शहरेवार, मेहर, आबान. वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात १ आजूरला सुरू होतं. आजूरपासून ३१ डिसेंबरपर्यंत ५९० मिळवा, १ जानेवारीनंतर ५९१. म्हणजे तीर १३४० हा मे-जून १९३१.

तुमच्या तारखा जुळत नाहीत याचं कारण बहुधा हे: इंग्रजी मुलखातही फसली सन होता, मिळवायचा आकडाही तोच, पण तिथलं वर्ष मृगाला, जूनमध्ये बदलायचं. त्यामुळे जून ते ऑक्टोबर या चार महिन्यांत दोन्हीकडचे आकडे एका वर्षाने वेगळे पडतात. जुलै १९३१ हा बार्शीकडच्या कागदात १३४१ आणि निजामाच्या गावात १३४०. शाळेचे प्रवेश नेमके याच महिन्यांत होतात, म्हणून घोटाळा प्रवेशाच्या रकान्यात जास्त दिसणार. फसली सन नुसता उतरवू नका, शेजारी ‘हैदराबादी’ किंवा ‘मुंबई’ असं लिहायलाच हवं.

हिजरी तारीख वेगळी, ती चांद्रमानाची. रमजान, मोहरम असं महिन्याचं नाव दिसलं तर वरचं गणित लावू नका.

शके असेल तर चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८, पुढे फाल्गुनापर्यंत ७९. मार्गशीर्ष शके १८३२ म्हणजे डिसेंबर १९१०. पौषात मात्र थांबा. पौष कधी डिसेंबरात सुरू होतो, कधी जानेवारीत, तिथे पंचांग बघितल्याशिवाय वर्ष लिहू नये.

इंग्रज आणि निजाम यांच्या हद्दीत अडकलेली बेटासारखी गावं १९५० मध्ये इकडची तिकडे झाली. गावाचं त्याआधीचं दप्तर त्या वेळच्या तालुक्याकडे राहिलेलं असण्याची शक्यता मोठी. धाराशिव बाजूच्या तहसीलमध्ये विचारा. संस्थानाच्या वरच्या पातळीचे कागद हैदराबादला तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात, काही छत्रपती संभाजीनगरच्या पुराभिलेखात.

उर्दू रजिस्टर वाचणारा माणूस शोधताना नुसतं छापील उर्दू येणारा चालत नाही. शिकस्ता वळणाचं हस्ताक्षर वाचता आलं पाहिजे, आणि ‘वलद’ (मुलगा) हा शब्द नावाचा भाग समजू नये एवढं भान हवं.

---

पाटीपेन्सिल

खूप आभार सगळ्यांचे. फसलीचं कोडं सुटलं.

दोन उपप्रश्न. एक, जिल्ह्याच्या संकेतस्थळावर स्कॅन केलेली बरीच जुनी रजिस्टरं दिसतायत, तीच वापरली तर? दोन, कुणी म्हणतं १ जूनवाल्या नोंदी सरळ वगळा. वगळाव्यात का?

---

खानेसुमारी

पहिल्याचं उत्तर: जपून. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जनरल रजिस्टरं, गाव नमुना १४ असं बरंच दप्तर तपासलं गेलं आणि बऱ्याच जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढवलं गेलं. पण जे चढवलं ते त्या शोधात नोंद सापडली म्हणून. ज्या पानावर तशी नोंद नाही ते पान तिथे असण्याचं कारणच नाही. त्यावरून तुम्ही ‘शाळेत अमुक जातीची मुलं इतके टक्के’ असा तक्ता केलात तर तो पहिल्या ओळीपासून चुकीचा. कोणत्या शाळेत जुनं रजिस्टर शिल्लक आहे याचा पत्ता म्हणून ते स्कॅन उत्तम आहेत. पत्ता घ्या आणि मूळ वहीकडे जा.

दुसऱ्याचं उत्तर: अजिबात वगळू नका. घरात जन्मतारीख लिहून ठेवायची सोय असलेल्या कुटुंबांची मुलं इतर तारखांवर दिसतात, ज्यांच्याकडे ती सोय नाही त्यांची १ जूनवर. वगळलंत की नेमकी गरीब, पहिल्यांदा शाळेत आलेल्या घरातली मुलं तुमच्या अभ्यासातून बाहेर जातील. उलट हीच गोष्ट मोजा: दर दहा वर्षांत १ जूनच्या नोंदींचं प्रमाण किती, मुलांत किती, मुलींत किती, कोणत्या जातीत किती. जन्म लिहून ठेवण्याची सवय गावात कधी आली हे त्यातून कळतं. जनगणनेच्या वयाच्या तक्त्यांतही हेच होतं, पाच आणि दहाच्या पटीतली वयं फुगलेली असतात.

फक्त वयाची सरासरी, ‘प्रवेशाचं वय’ असलं गणित करताना या नोंदी वेगळ्या ठेवा आणि तसं स्पष्ट लिहा.

तक्ता करताना दोन नियम पाळा. वहीत जसं आहे तसं एका रकान्यात, तुम्ही लावलेला अर्थ दुसऱ्या रकान्यात. ‘लग्न झालेमुळे’ हे तसंच राहू द्या. शेजारच्या रकान्यात ‘लग्न’. दुरुस्ती पहिल्या रकान्यात कधीच नाही. दुसरं, इयत्तांची नावं आजच्या क्रमात बदलून घ्या. मराठी चौथीनंतर इंग्रजी पहिली, म्हणजे इंग्रजी तिसरी ही आजची सातवी आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. मराठी सातवी म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, रजिस्टरात ‘व्ह. फा.’. ही ‘सातवी’ आणि ती ‘सातवी’ एका रकान्यात पडली की सगळा हिशेब बिघडतो.

एकच मूल दोनदा मोजलं जाण्याची भीतीही आहे. नाव कमी झालेलं मूल परत आलं की पुष्कळदा नवा अनुक्रमांक मिळतो. शेरा रकान्यात ‘पुनःप्रवेश’ किंवा जुना नंबर असतो, तो चुकवू नका.

वेळेचा अंदाज: एका पानावर वीस-पंचवीस नोंदी, दोनशे पानांची वही म्हणजे चार ते पाच हजार मुलं. एकाने वाचायचं, दुसऱ्याने टंकायचं अशी जोडी केली तर तासाला तीस-चाळीस नोंदी नीट होतात. मोडीत असेल तर याच्या निम्म्याने धरा. मोडीत शब्द तोडलेले नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, म्हणून नावं आधी त्याच गावच्या बाळबोध (देवनागरी) रजिस्टरातून ओळखीची करून घ्या, मग मोडीकडे वळा.

---

मांजरपाट

कागदाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितोय, आणि कळकळीने लिहितोय, कारण नुकसान बहुतेकदा चांगल्या हेतूने येणाऱ्या माणसांकडून होतं.

तुटणारी पानं बहुधा १९०० नंतरची असतात. जुना हातकागद चिवट असतो. यंत्रावरच्या स्वस्त लगद्याच्या कागदात आम्ल असतं, तो आतूनच पिवळा पडून ठिसूळ होतो. असं पान उलटताना कोपऱ्याला धरू नका. खालून जाड गुळगुळीत पुठ्ठ्याची पट्टी सरकवायची आणि पट्टीसकट पान उलटायचं.

सेलोटेप लावायचा नाही. तीनचार वर्षांत त्याचा डिंक तपकिरी होऊन अक्षरात उतरतो आणि टेप निघताना शाई घेऊन जातो. प्लॅस्टिक लॅमिनेशन तर अजिबात नको; आतलं आम्ल आतच कोंडतं आणि ते पुन्हा काढता येत नाही. फाटलेलं जोडायचंच असेल तर पातळ जपानी टिश्यू आणि मिथाइल सेल्युलोजची खळ, तीही शिकलेल्या हाताने. तोवर सुटे तुकडे पानाच्या क्रमाने पाकिटात ठेवा आणि पाकिटावर पेन्सिलने लिहा.

टाचण्या आणि क्लिपा गंजलेल्या असतील तर ओढू नका. टाचणीखाली आणि वर पातळ प्लॅस्टिकचा तुकडा सरकवून सावकाश सोडवा.

लाल कापडाचा बस्ता दिसायला छान, पण ओल आली की रंग सुटून कागद लाल होतो. बिनरंगाचा मांजरपाट घ्या, दोनदा गरम पाण्यात धुऊन खळ काढून टाका, मग बांधा. खळ राहिली तर कसर तिच्यासाठी येते आणि कागदही खाते. डांबराच्या गोळ्या कागदाला टेकू देऊ नका. बुरशी दिसली तर मास्क लावून, उघड्यावर, मऊ कुंचल्याने एका दिशेने झाडा. ओल्या फडक्याने पुसू नका. भिजलेली वही उन्हात टाकायची नाही: सावलीत, पंख्याखाली, पानांमध्ये टिपकागद घालून आणि तो बदलत राहून वाळवा.

फोटो: फ्लॅश नको. खिडकीचा उजेड किंवा दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशात दोन दिवे. फोन हातात धरू नका, स्टँडवर खाली तोंड करून बसवा. पहिला फोटो मुखपृष्ठाचा, दुसरा शाळेच्या शिक्क्याचा, त्यात फूटपट्टी ठेवा. मग प्रत्येक पान पूर्ण, चारही कडा दिसतील असं, कोरं पानसुद्धा. कोरी पानं वगळली तर पुढे कुणालाच सांगता येत नाही की पान कोरं होतं का फोटो राहिला. वही पूर्ण उघडत नसेल तर जबरदस्तीने सपाट करू नका, शिवण तुटते. दोन्ही बाजूंना उशी देऊन ९० ते १०० अंशांत उघडा आणि एकेक बाजू वेगळी टिपा.

फाइलचं नाव तिथल्या तिथे द्या: शाळा, वही क्रमांक, पान. पाचशे पानं साधारण दोन जीबी होतात. एक प्रत शाळेला, एक तुमच्याकडे, एक तिसऱ्या गावी. शाळेला प्रत दिलीत की मुख्याध्यापक पुढच्या वेळी कपाट स्वतःहून उघडतात.

---

धूळपाटी

पाचवा प्रश्न राहिलाय, आणि एक सुचवणी.

नावं. जनरल रजिस्टरात जात, जन्म, बापाचा धंदा सगळं असतं आणि आजही त्यावर दाखले मिळतात, जात पडताळणी होते. १९५० ला पहिलीत असलेलं मूल आज ऐंशीच्या आसपास आहे, हयात असू शकतं. म्हणून १९६० पर्यंतच्या कामात सरसकट नावं छापू नका. पहिलं अक्षर आणि गाव एवढं पुरतं. सेटलमेंट, रिमांड होम, अनाथाश्रम, न्यायालय इथून आलेल्या नोंदींत तर गावसुद्धा सांगू नका. लहान गावात गावाच्या नावावरून घर ओळखता येतं. आजच्या बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाने अशा मुलांची ओळख उघड करण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड ठेवला आहे. तुमचे कागद जुने असले तरी त्यामागची समज तीच ठेवा. नावांसकट पूर्ण तक्ता वेगळा, कुलूपबंद. छापायचा तक्ता वेगळा. आणि ज्या वस्तीतली मुलं आहेत तिथल्या जाणत्या माणसांना छापण्याआधी मजकूर दाखवा. त्यांच्या आजोबांना सरकारी अहवालात काय म्हटलं होतं ते त्यांना आधी तुमच्याकडून कळू दे.

सुचवणी अशी. आतापर्यंत इथे ज्यांची चर्चा झाली ते सगळे कागद मोठ्यांनी मुलांबद्दल लिहिलेले आहेत. मुलांनी स्वतः लिहिलेलं वेगळ्या ठिकाणी शोधा. ते कमी आहे, पण आहे. १८५५ मध्ये पुण्याच्या फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश नाकारलेल्या महार मुलाने थेट सरकारकडे अर्ज केला, आणि तो सरकारी कागदांत राहिला. म्हणून जिल्ह्याच्या बांधण्यांत ‘पेटिशन’ दिसलं की अर्जदाराचं वय बघा.

त्यापुढच्या काळासाठी शाळांची हस्तलिखित मासिकं हा मोठा ठेवा आहे. मुख्याध्यापकांना ‘अंक’ विचारलात तर ते छापील स्मरणिका काढतील. ‘हस्तलिखित’ असाच शब्द वापरा. वसतिगृहं असतील तर बोर्डिंगची वही मागा: कुणी किती शेर ज्वारी आणली, फी कुणाची बाकी, सुट्टीला कोण घरी गेलंच नाही. तालमींच्या वह्या, वक्तृत्व स्पर्धांच्या नोंदी, स्काउटच्या दैनंदिन्या. पाठ्यपुस्तकांच्या कडेला पेन्सिलीने केलेली गणितं आणि चित्रंसुद्धा टिपा. ग्रंथालयं अशा प्रती ‘खराब’ म्हणून रद्दीत काढतात, तेव्हा रद्दी निघायच्या आधी त्यांना फोन करून ठेवा.

आणि कोरी पाटी मिळाली तरी ती मागे उलटून बघा. लाकडी चौकटीवर नाव, इयत्ता कोरलेली असते.

---

पाटीपेन्सिल

येत्या आठवड्यात दोन बंद कन्याशाळांचं दप्तर बघायला पंचायत समितीत अर्ज देतोय. मांजरपाट धुवायला टाकला आहे. शेरेबुकं मिळाली तर मोडीतल्या पहिल्या दहा पानांचे फोटो, नावं झाकून, इथेच टाकतो. ‘जुनंदप्तर’, दिपोटींची सही ओळखायला मदत लागेल.

---

जुनंदप्तर

टाका. सहीच्या खाली हुद्दा आणि तारीख असते, तो भाग फोटोत कापू नका. आणि शेरेबुकाच्या शेवटच्या पानांकडून सुरुवात करा. मास्तर तिकडून उलट्या बाजूने फळ्याचे, चटयांचे आणि पाण्याच्या घागरीचे हिशेब लिहीत. वर्गात घागरी दोन होत्या का एक, हे तिथेच सापडतं.